गॅदरला लगाम: एका वेळी किती असिंक कामं चालू द्यायची?

जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली ४०,००० पानं एका ग्रंथालयाच्या सर्व्हरवरून उतरवायची, प्रत्येक पानाची छोटी प्रत करायची आणि दोन्ही डिस्कवर ठेवायची, हे माझं सध्याचं काम. भाषा पायथन, पानं आणायला एआयओएचटीटीपी ही लायब्ररी. अशा कामाला पहिला कोड बहुतेक जण सारखाच लिहितात: पत्त्यांच्या यादीवर लूप, प्रत्येक पत्त्यासाठी एक कोरुटीन (मधे थांबून पुन्हा चालू होऊ शकणारं फंक्शन) आणि सगळ्या कोरुटीन एकदम असिंकआयओच्या, म्हणजे एक काम वाट बघत असताना दुसरं पुढे नेणाऱ्या पायथनच्या लायब्ररीच्या, गॅदरकडे. ५० पानांवर हा कोड सुरेख चालतो. ४०,००० वर का कोलमडतो आणि न कोलमडणारा कसा लिहायचा, ते इथे सांगते.

मर्यादा घालायची ती ज्या गोष्टीवर सगळी कामं एकदम तुटून पडतात तिच्या दारात. ती गोष्ट कोणती हे आधी शोधा. मग आकडा किती आणि सेमाफोर (मोजके परवाने) वापरायचा की क्यू (कामांची रांग), हे फारसं अवघड राहत नाही. शोधायच्या आधीच कुठेतरी दहाचा सेमाफोर ठोकून दिलेला कोड मी रिव्ह्यूला नेहमी बघते. तो चालतो तेव्हाही का चालतो हे लिहिणाऱ्याला सांगता येत नाही.

गॅदर नेमकं काय करतो

गॅदर कुणालाच थांबवत नाही. त्याला ४०,००० कोरुटीन दिल्या की तो ४०,००० टास्क तयार करतो आणि इव्हेंट लूप, म्हणजे टास्क आळीपाळीने चालवणारा भाग, प्रत्येकीला तिच्या पहिल्या अवेटपर्यंत (पहिल्या थांब्यापर्यंत) पळवतो. तिथे कुठलाच अडसर नसेल तर तितकी कनेक्शनं उघडायला सुरुवात होते. बऱ्याच लिनक्स मशीनवर एका प्रोसेसला एका वेळी १०२४ फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल किंवा कनेक्शनचे क्रमांक) मिळतात, मॅकवर २५६. प्रत्येक सॉकेट, म्हणजे नेटवर्क कनेक्शन, एक डिस्क्रिप्टर खातो, त्यामुळे थोड्याच वेळात ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणजे एर्नो (चुकीचा क्रमांक) २४ येतो. यावर ‘यूलिमिट वाढव’, म्हणजे ही मर्यादाच वाढव, हा सल्ला लगेच मिळतो. तो मानू नका. तुमच्या मशीनचा अडसर काढलात की सगळा भार समोरच्या सर्व्हरवर जातो, आणि त्याच सर्व्हरवर त्या वेळी वाचक बसलेले असतात.

एआयओएचटीटीपी वापरलंत तर हा एर्नो दिसणार नाही, कारण त्याचा कनेक्टर (कनेक्शनं सांभाळणारा भाग) मुळातच एका वेळी १०० कनेक्शनं उघडतो. इथे अनेकांना वाटतं की प्रश्न मिटला. खरं तर इथून एक वेगळाच गोंधळ सुरू होतो, तो जरा जवळून बघू.

एआयओएचटीटीपीचा टाइमआउट तुम्ही काही सांगितलं नाहीत तर एकूण ५ मिनिटांचा असतो. त्या ५ मिनिटांत या १०० च्या पूलमधून कनेक्शन मिळेपर्यंत रांगेत घालवलेला वेळही धरला जातो. आता हिशोब करा. एका पानाला दीड सेकंद लागतो असं धरलं, तर १०० कनेक्शनांवर सेकंदाला साधारण ६७ पानं येतात. ३०० सेकंदांत २०,०००. पण टास्क सगळ्या एकाच क्षणी सुरू झाल्या होत्या, म्हणजे सगळ्यांचं घड्याळ तेव्हाच चालू झालं होतं. पाचवं मिनिट संपलं की उरलेली २०,००० पानं एका झटक्यात टाइमआउट होतात. लॉगमध्ये टाइमआउटचा पूर दिसतो आणि माणूस सर्व्हरला शिव्या घालतो. सर्व्हरने बिचाऱ्याने त्या पानांची मागणी पाहिलेलीसुद्धा नसते. आणि हा हिशोब सर्व्हर १०० जणांना न थकता पुरा पडेल असं धरून केलाय. छोट्या ग्रंथालयाचा सर्व्हर तसा पुरा पडत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात याहून लवकर घसरण होते.

आकडा कुठून आणायचा

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे विचारणं. त्या ग्रंथालयाचा सर्व्हर सांभाळणाऱ्या काकांना मी फोन केला. ते म्हणाले, ‘ताई, दिवसा एका वेळी आठच्या वर नको, वाचक असतात. रात्री दहानंतर सोळा करा.’ माझ्या स्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये आजही हेच दोन आकडे आहेत. सार्वजनिक सेवांचे नियम लिहिलेले असतात, ते आधी वाचा. ओपनस्ट्रीटमॅपच्या नॉमिनॅटिमचा, म्हणजे पत्त्यावरून अक्षांश-रेखांश देणाऱ्या सेवेचा, नियम आहे सेकंदाला जास्तीत जास्त १ विनंती आणि सोबत स्वतःची ओळख सांगणारा यूजर-एजंट.

डेटाबेस असेल तर त्याचं सेटिंग बघा. पोस्टग्रेस हा डेटाबेस मुळात १०० कनेक्शनं देतो, त्यातली ३ सुपरयूजरसाठी (मुख्य प्रशासकासाठी) राखीव, म्हणजे तुमच्यासाठी ९७. ती ९७ तुमच्या सगळ्या प्रोसेस आणि सगळे सहकारी मिळून वापरतात.

विचारायला कुणी नसेल तर जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम कामाला येतो: एका वेळी आत असलेली कामं म्हणजे दर सेकंदाला होणारी कामं गुणिले एका कामाला लागणारा वेळ. सर्व्हर सेकंदाला १० पानं सुखाने देतो आणि एका पानाला ०.८ सेकंद लागतो, तर १० गुणिले ०.८ म्हणजे ८. याहून जास्त कामं आत सोडलीत तर पानं लवकर येत नाहीत, फक्त प्रत्येक पान जास्त वेळ रखडतं.

सेमाफोर

आठ परवाने ठेवायचे, आत जाणाऱ्याने एक घ्यायचा, बाहेर येताना परत करायचा, परवाना नसेल तर थांबायचं. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ही कल्पना आजही जशीच्या तशी वापरात आहे. खालचा कोड मी देवनागरीत लिहिलाय. टाइप करताना कीवर्ड आणि लायब्ररीतली नावं नेहमीच्या लिपीत लिहा. तुमची स्वतःची नावं देवनागरीत ठेवलीत तरी पायथन ३ ला चालतात, अंक मात्र इंग्रजी हवेत.

परवाने = असिंकआयओ.सेमाफोर(८)

असिंक डेफ पान_आण(सेशन, पत्ता):
    असिंक विथ परवाने:
        असिंक विथ असिंकआयओ.टाइमआउट(३०):
            असिंक विथ सेशन.गेट(पत्ता) ॲज उत्तर:
                उत्तर.रेज_फॉर_स्टेटस()
                बाइट्स = अवेट उत्तर.रीड()
    रिटर्न बाइट्स

यातली प्रत्येक ओळ जिथे आहे तिथेच का आहे, ते महत्त्वाचं.

सेमाफोर फंक्शनच्या बाहेर, एकदाच तयार केलाय. तो फंक्शनच्या आत तयार केलात तर प्रत्येक पानाला स्वतःचे आठ परवाने मिळतात आणि मर्यादा उरतच नाही. कोड दिसायला जवळजवळ तसाच दिसतो, चूकही येत नाही, म्हणून ही गोष्ट पटकन सापडत नाही. पायथन ३.१० च्या आधीची आवृत्ती असेल तर आणखी एक काळजी घ्या. तिथे सेमाफोर तयार होतानाच एखाद्या लूपला चिकटतो, त्यामुळे तो मेन कोरुटीनच्या आत तयार करून पुढे द्यावा लागतो.

टाइमआउट परवान्याच्या आत आहे. बाहेर ठेवला असता तर रांगेतला वेळ त्यात धरला गेला असता आणि वरचाच गोंधळ पुन्हा आपल्या हाताने केल्यासारखं झालं असतं. टाइमआउटची ही लिहायची रीत ३.११ पासून आहे, त्याआधी वेट_फॉर वापरा.

उत्तर पूर्ण वाचणंही आत आहे, कारण शेवटचा बाइट येईपर्यंत सर्व्हर आपल्यासाठी राबत असतो. फाइल लिहिणं, चेकसम (फाइल नीट आली का ते तपासायचा आकडा) काढणं, छोटी प्रत करणं हे सगळं मात्र बाहेर. परवाना सर्व्हरचा आहे. आपली डिस्क संथ आहे म्हणून तो अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

छोटी प्रत करताना मेमरी का संपते

इथे दुसरी सामायिक गोष्ट समोर येते: आपलंच मशीन. ए४ आकाराचं पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतात. रंगीत असेल तर प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे मेमरीत उलगडलेलं एक पान सुमारे २६ एमबी. डिस्कवर तेच पान जेपेग असल्याने जेमतेम २ एमबीचं दिसतं, म्हणून हा आकडा कुणाच्या ध्यानात येत नाही. अशी १०० पानं एकदम उलगडलीत तर २.६ जीबी गेले.

शिवाय चित्र लहान करणं हे प्रोसेसरचं काम आहे. ते कोरुटीनमध्ये तसंच केलंत तर तेवढा वेळ अख्खा इव्हेंट लूप अडकतो आणि बाकीची सात डाउनलोडंही थिजतात. म्हणून ते काम वेगळ्या थ्रेडवर टाकणाऱ्या टू_थ्रेडमधून, जे ३.९ पासून आहे, किंवा प्रोसेस पूलमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रोसेसमध्ये, करायचं. टू_थ्रेडमागचा पूल स्वतःच मर्यादित असतो: प्रोसेसरच्या कोअरची संख्या अधिक ४, आणि कितीही झालं तरी ३२ च्या वर नाही. त्यामुळे एका वेळी उलगडलेली पानं आटोक्यात राहतात. पण डाउनलोड वेगाने होत असेल आणि छोट्या प्रती हळू, तर उतरलेली जेपेग पानं मेमरीत साचत जातात. हजार पानं साचली की २ जीबी. दुसरा सेमाफोर लावूनही हे थांबत नाही. साचलेली पानं त्या दुसऱ्या सेमाफोरच्या दारात मेमरी धरून उभी राहतात, एवढाच फरक.

रांग आणि कामगार

म्हणून यादी मोठी असेल तिथे मी सेमाफोर सोडून क्यू वापरते. पिठाच्या गिरणीत लोक डबा रांगेत लावून घरी जातात, दळण झालं की येतात. सेमाफोरमध्ये ४०,००० माणसं स्वतः रांगेत उभी असतात, क्यूमध्ये नुसते डबे असतात. पत्ता म्हणजे एक छोटी स्ट्रिंग, तशा ४०,००० स्ट्रिंग ठेवायला काहीच लागत नाही. टास्क मात्र आठच, आणि त्या एकेक पत्ता उचलून काम करत राहतात.

मी दोन क्यू ठेवते. ‘यादी’मध्ये पत्ते. ‘आलेली’मध्ये उतरलेली पानं, आणि हिला मॅक्ससाइज (कमाल लांबी) १६. चुकलेले पत्ते ‘राहिलेली’ या साध्या लिस्टमध्ये.

असिंक डेफ आणणारा(सेशन):
    व्हाइल ट्रू:
        पत्ता = अवेट यादी.गेट()
        ट्राय:
            बाइट्स = अवेट पान_आण(सेशन, पत्ता)
            अवेट आलेली.पुट((पत्ता, बाइट्स))
        एक्सेप्ट एक्सेप्शन ॲज चूक:
            राहिलेली.अपेंड((पत्ता, चूक))
        फायनली:
            यादी.टास्क_डन()

असे आठ आणणारे. ‘आलेली’मधून पान उचलून छोटी प्रत करणारे आणि डिस्कवर लिहिणारे चार. लिहिणारे मागे पडले की ‘आलेली’ १६ वर भरते, मग आणणाऱ्याचा पुट तिथेच थांबतो, आणि आणणारा थांबला की सर्व्हरकडे नवी मागणी जात नाही. दाब आपोआप मागे सरकतो. ‘हळू हो’ असं कुणी कुणाला सांगायची गरज पडत नाही. या सगळ्या व्यवस्थेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे, आणि ती फक्त मॅक्ससाइजच्या एका आकड्यावर उभी आहे. तो आकडा विसरलात तर क्यू अमर्याद होते.

आता या कोडमधल्या तीन नाजूक जागा.

एक्सेप्ट नसेल तर पहिल्याच खराब पानावर तो कामगार मरतो. आठाचे सात, सातांचे सहा होत जातात आणि शेवटी यादी संपवणारं कुणीच उरत नाही. टास्कचा निकाल कुणी बघत नसेल तर हे सगळं गुपचूप होतं. टास्क एकत्र चालवणाऱ्या टास्कग्रूपमध्ये, जो ३.११ पासून आहे, उलट घडतं: एक टास्क पडली की तो बाकीच्या सगळ्या रद्द करतो. एका फाटक्या पानासाठी ३९,९९९ पानं अडवायची नसतील तर चूक कामगाराच्या आतच पकडायला हवी.

टास्क_डन, म्हणजे ‘हे काम झालं’ ही खूण, फायनलीमध्येच हवा. एकदा जरी तो हुकला तरी यादीचा जॉइन (सगळी कामं होईपर्यंत थांबणं) जन्मभर वाट बघत बसतो.

आणि एक्सेप्टला एक्सेप्शनच लिहा, नुसता एक्सेप्ट नको. पायथन ३.८ पासून कॅन्सल्ड एरर एक्सेप्शनच्या कुळातून बाहेर काढलाय, त्यामुळे कामगाराला रद्द केलं की तो खरोखर रद्द होतो. नुसत्या एक्सेप्टमध्ये तोही गिळला जातो आणि प्रोग्राम बंदच होत नाही.

शेवट करताना क्रम पाळा. आधी यादीचा जॉइन, मग ‘आलेली’चा जॉइन, मग सगळ्या कामगारांना कॅन्सल. आणणारा पान पुढे ठेवल्यावरच टास्क_डन म्हणतो, त्यामुळे पहिला जॉइन सुटला म्हणजे सगळी पानं एक तर दुसऱ्या क्यूमध्ये पोचली आहेत किंवा ‘राहिलेली’मध्ये. ३.१३ मध्ये क्यूला शटडाउन आलाय, तो असेल तर कॅन्सलऐवजी तो वापरा.

कामगार आठच आहेत तर पान_आणमधला सेमाफोर कशाला, असं कुणी विचारेल. एवढ्याच कामापुरतं बघितलं तर त्याची गरज नाही. पण माझ्या स्क्रिप्टमध्ये मासिकांची सूची आणणारा दुसरा भागही त्याच सर्व्हरवर जातो. काकांनी सांगितलेले आठ दोघांना मिळून आहेत, म्हणून परवाना सर्व्हरच्या दारातच ठेवलाय.

एका वेळी किती आणि सेकंदाला किती

या दोन वेगळ्या मर्यादा आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. नॉमिनॅटिमसाठी सेमाफोर(१) लावला म्हणून नियम पाळला जात नाही. उत्तर २०० मिलिसेकंदांत आलं तर एकेक करतही सेकंदाला पाच विनंत्या जातात. तिथे वेळेचं भान ठेवावं लागतं: ‘पुढची विनंती कधी’ हा एक सामायिक क्षण ठेवायचा, लॉक घेऊन तो वाचायचा, तोवर स्लीप करायचं, क्षण एका सेकंदाने पुढे ढकलायचा आणि लॉक सोडायचा. वेळ लूपच्या घड्याळावरून घ्या. मशीनचं नेहमीचं घड्याळ मागे-पुढे केलं जातं, लूपचं नाही.

सर्व्हरने ४२९ हा उत्तर-कोड दिला तर त्याचा अर्थ ‘फार विनंत्या झाल्या’. हा कोड २०१२ च्या आरएफसी ६५८५ या इंटरनेट मानकात आला. सोबत रिट्राय-आफ्टर हेडर असेल तर तो मोडू नका. त्यात कधी सेकंद असतात, कधी तारीख-वेळ, दोन्ही वाचता यायला हवं. आणि ४२९ एकाला मिळालं तरी थांबायचं आठही जणांनी. एक जण निमूट बसलाय आणि सात जण मारा करतायत, याला सर्व्हर ऐकणं म्हणत नाही. वरचाच ‘पुढची विनंती कधी’ हा क्षण रिट्राय-आफ्टरइतका पुढे ढकलला की सगळे आपसूक थांबतात. हेडर नसेल तर १, २, ४, ८ सेकंद असं वाढवत जा आणि प्रत्येक वेळी थोडा यादृच्छिक वेळ मिसळा, नाहीतर आठही जण एकाच ठोक्याला परत धडकतात.

परवान्यात परवाना

हा प्रकार दिसला की मी कोड तिथेच परत पाठवते. मासिकाचा अख्खा अंक आणणारा ‘अंक_आण’ परवाना घेतो आणि आत त्या अंकातल्या प्रत्येक पानासाठी पान_आणला बोलावतो, जो त्याच सेमाफोरचा परवाना मागतो. आठ अंकांनी आठ परवाने घेतले की पानांना एकही उरत नाही. अंक पानांची वाट बघतात, पानं परवान्याची. चूक येत नाही, प्रोसेसर शून्यावर, लॉग गप्प. तीन अंकांवर चाचणी केली तर हे कधीच दिसणार नाही. परवाना फक्त सगळ्यात आतल्या, प्रत्यक्ष सर्व्हरला हात लावणाऱ्या फंक्शननेच घ्यायचा.

असिंकआयओचा सेमाफोर एका प्रोसेसपुरताच असतो, आणि तो थ्रेडसाठी सुरक्षितही नाही. वेब ॲप चार प्रोसेसमध्ये चालवलंत तर आठाचे बत्तीस होतात. पोस्टग्रेसच्या पूलचा आकार ठरवताना ९७ ला आधी प्रोसेसच्या संख्येने भागा, मग त्यातून सहकाऱ्यांसाठी थोडी सोडा.

दुसऱ्या भाषांतही विचार हाच. जावास्क्रिप्टमध्ये प्रॉमिस.ऑल गॅदरसारखंच मोकाट असतं, तिथे पी-लिमिट वापरतात. सी-शार्पमध्ये सेमाफोरस्लिम आहे आणि डॉटनेट ६ पासून पॅरलल.फॉरईचअसिंक. गोमध्ये ठरावीक क्षमतेचं चॅनेल परवान्यांचं काम करतं, रस्टमध्ये बफर_अनऑर्डर्ड.

खरंच आठच चालतात का?

हे मोजल्याशिवाय मी कुठलाच कोड पुढे जाऊ देत नाही. पान_आणमध्ये परवान्याच्या आत शिरताच ‘आत’ हा आकडा एकाने वाढवा, फायनलीमध्ये कमी करा आणि आतापर्यंतचा कमाल आकडा लिहून ठेवा. असिंकआयओ एकाच थ्रेडमध्ये चालतं, त्यामुळे मधे अवेट नसेल तर या बेरजेला लॉक लागत नाही. चाचणीत सेशनच्या जागी नुसतं ०.०१ सेकंद झोपणारं खोटं फंक्शन द्या, २०० पत्ते सोडा आणि शेवटी कमाल बरोबर ८ आहे का तपासा. ८ पेक्षा जास्त आला तर परवाना चुकीच्या जागी आहे. कमी आला तर कुठेतरी एकेक करून अवेट केलं जातंय आणि असिंकचा फायदाच मिळत नाहीये.

चालू कामात दर १० सेकंदांनी एक ओळ लॉग करा: आत किती, ‘यादी’त किती, ‘आलेली’त किती, सेकंदाला किती पानं, एका पानाला मध्यक वेळ किती. ‘आलेली’ सतत १६ वर असेल तर आपलं मशीन मागे पडतंय, लिहिणारे वाढवा किंवा छोटी प्रत करण्याचं काम प्रोसेस पूलमध्ये न्या. ‘आलेली’ सतत शून्यावर असेल तर वेग सर्व्हर ठरवतोय. मग आणणारे ४ वरून ६, ६ वरून ८ असे सावकाश वाढवून बघा, पण सर्व्हरवाल्याने दिलेला आकडा ओलांडू नका. सेकंदाची पानं वाढायची थांबली आणि मध्यक वेळ मात्र वाढू लागला की एक पाऊल मागे या आणि तोच आकडा ठेवा. रात्रीच्या सोळासाठी हीच ओळ दहा वाजल्यानंतर वेगळी बघा, कारण दिवसाचा आणि रात्रीचा मध्यक वेळ सारखा नसतो.